यंत्राची स्मृती आणि पितरांची वही

संगणकाच्या ज्या भागास इंग्रजीत ‘मेमरी’ म्हणतात, त्यास मराठीत ‘स्मृती’ हे नाव ज्या कोणी दिले, त्याने आम्हां सर्वांस एका पेचात टाकून ठेवले आहे. आपल्याकडे स्मृती म्हणजे टिकणारी गोष्ट. पिता गेला तरी त्याची स्मृती राहते, आणि ती राहावी म्हणून आपण तिथी पाळतो. यंत्राची स्मृती याच्या अगदी उलट स्वभावाची आहे. वीज गेली की ती सारे विसरते. जे टिकावयाचे ते यंत्र दुसरीकडे, डिस्कवर लिहून ठेवते, आणि या डिस्कला मात्र स्मृती कोणी म्हणत नाही. भटजींपुढे चौरंग असतो आणि मागे पोथ्यांचे फडताळ असते. वाचावयाची पोथी फडताळातून काढून चौरंगावर उघडावयाची, काम झाले की परत ठेवावयाची. यंत्राची स्मृती म्हणजे तो चौरंग; पोथ्या फडताळात सुरक्षित असतात. इतकाच भेद आहे, परंतु त्याच्या विस्मरणामुळे गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या श्रावणाच्या तोंडावर, आमच्या मंडळाच्या वहीतून दोनशे चाळीस पितरांची नावे पुसली जाण्याचा प्रसंग येऊन ठेपला होता. ती हकीकत वाचकांस सांगावी असे आम्हांस वाटते.

प्रथम त्या वहीविषयी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली, आणि जुन्या राजधानीतून, म्हणजे नागपुराहून, सरकारी कचेऱ्यांबरोबर पुष्कळ मराठी कुटुंबे येथे आली. आमचे वडील त्यांतलेच. पुढे कारखान्यांच्या, बँकांच्या व रेल्वेच्या नोकऱ्यांनिमित्त कोंकणी बोलणारी काही घरे आली. कोणाचा कुलदेव मंगेशीस, कोणाची देवी कवळ्यास, कोणाची म्हार्दोळास. आणि मुक्काम मात्र विंध्याच्या पठारावर. अशा लोकांनी मिळून एक वही घातली. दिवंगताचे नाव, नाते, गोत्र, मूळ गाव, कुलदैवत व तिथी एवढाच तिचा मजकूर. तिथी जवळ आली की वही सांभाळणारे गृहस्थ सायकलीवरून घरी जाऊन सांगून येत. ते गृहस्थ गेले, मुले पुण्या-बंगळुराकडे व परदेशी पांगली, आणि मग मंडळातील एका तरुणाने ती सर्व वही संकेतस्थळावर चढविली. तीनशे बारा कुटुंबांच्या मिळून दोन हजार शंभर नोंदी. रोज पहाटे पाच वाजता यंत्र वही चाळते आणि ज्यांची तिथी आली असेल त्यांना संदेश धाडते. शिवाय कोणीही आपल्या गावचा सूर्योदय, सूर्यास्त व त्या दिवसाची तिथी तेथे पाहू शकतो.

हे दुसरे काम दिसते तितके सोपे नाही. श्राद्धास तिथी घ्यावयाची ती अपराह्णकाळी असणारी. आणि अपराह्ण म्हणजे दिनमानाचे पाच भाग केले असता चौथा. तेव्हा त्या स्थळाचा सूर्योदय व सूर्यास्त कळल्यावाचून तिथीचा निर्णय होत नाही. फोंडा आणि भोपाळ यांच्या रेखांशांत सुमारे तीन अंश चाळीस शतांशांचे अंतर आहे, आणि अंशास चार मिनिटे या हिशेबाने एवढ्यामुळेच साडेतेरा मिनिटांचा फरक पडतो. मुलगा अबूधाबीत आणि भाऊ मडगावात असेल तर दोघांची तिथी एखाद्या वेळी वेगळ्या दिवशी येऊ शकते. तरुणाने हे सर्व गणित मनापासून बसविले होते. ज्यावर हे चालते तो सर्व्हर म्हणजे दरमहा काही शे रुपये भाड्याने घेतलेला लहानसा हिस्सा, एक गिगाबाइट स्मृतीचा. मंडळाच्या ऐपतीप्रमाणे तो योग्यच होता.

२५ जून २०२५ रोजी ज्येष्ठ अमावास्या होती. त्या पहाटे संदेश गेलेच नाहीत. पुढे ६ जुलैस, आषाढी एकादशीला, तोच प्रकार. आणि १४ तारखेच्या संकष्टीस तिसऱ्यांदा. दर वेळी तरुणाने पुण्याहून सबंध यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की ते ठीक होई. परंतु अमावास्येच्या दिवशी आमच्याच वसाहतीतील एका निवृत्त शिक्षिकेच्या वडिलांचे श्राद्ध होते. संदेशावर विसंबण्याची सवय लागलेली. त्यांना सायंकाळी दिवाबत्तीच्या वेळी पंचांग पाहताना ते उमगले. त्या रागावल्या नाहीत. पुढच्या सभेस मात्र आल्या आणि शेवटपर्यंत गप्प बसून राहिल्या. कोणी रागावले असते तर बरे वाटले असते.

ही सभा २० जुलैच्या रविवारी झाली. तीन वेळा बिघाड आणि तिन्ही वेळा पर्वतिथी, यावरून कोणी अमावास्येचे नाव घेतले. त्याचे आम्ही हसू केले नाही, कारण एखादी गोष्ट तिथीस धरून घडत असेल तर तिला तिथीशी बांधणारा कोणता तरी दोरा असलाच पाहिजे. खजिनदारांनी यंत्राचे आकडे कागदावर उतरवून आणले होते. एकंदर स्मृती ९५७ मेगाबाइट, त्यांतील मोकळी केवळ ४१. शंभरांत शहाण्णव भाग भरले आहेत, म्हणजे वही फार जड झाली, असे त्यांनी सांगितले. यावर दोन उपाय पुढे आले. एक, दुप्पट भाड्याचे मोठे यंत्र घ्यावे. दुसरा, ज्या पत्त्यांवर पाठविलेले संदेश परत येतात, म्हणजे ज्यांच्या मागे विचारणारे कोणी उरले नाही, अशा दोनशे चाळीस नोंदी काढून टाकाव्यात. दुसऱ्याला पैसे पडत नव्हते, म्हणून सभेचा कल तिकडे झुकला.

त्या दोनशे चाळिसांत कोण होते, हे भोपाळकरांना वेगळे सांगावयास नको. १९८४ च्या डिसेंबरातील २ व ३ तारखांच्या दरम्यानच्या रात्रीची तिथी असलेल्या काही नोंदी त्यांत होत्या. त्या देणारेही आता हयात नाहीत. कारवारकडील एक वृद्ध बाई सभेत होत्या. त्यांच्या माहेरचे कोणी उरलेले नाही आणि माहेरची पाच नावे त्यांनीच पूर्वी वहीत घातली होती, परंतु पत्ता दिला होता तो वारलेल्या भावाचा. त्यांनी शेजारच्या बाईस हळूच विचारले, “आमगेलें नांव पुसून काडतले?” ते आम्हांस ऐकू आले. आम्ही उठून पंधरा दिवसांची मुदत मागितली. तोवर वहीस कोणी हात लावू नये, एवढेच मागणे होते, आणि ते मान्य झाले.

आम्ही संगणकाचे पंडित नव्हे. आमचे आयुष्य पाटबंधाऱ्यांच्या कामात, पाण्याच्या पातळ्या वाचण्यात गेले. परंतु ज्याने वर्षानुवर्षे पातळी वाचली त्याच्या हाडात दोन गोष्टी मुरलेल्या असतात. पहिली अशी की भरलेले म्हणजे बिघडलेले नव्हे. आमच्या मोठ्या तलावाची, राजा भोजाच्या नावाने चालत आलेल्या भोजतालाची, पूर्ण पातळी १६६६.८० फूट आहे. पावसाळ्यात पाणी तेथवर चढले की शहर सुस्कारा टाकते, वर्षाची चिंता मिटली म्हणते. आणि त्यावर आणखी पाणी आले तर १९६५ साली बांधलेल्या भदभदा धरणाचे दरवाजे आहेतच. रिकामा तलाव पाहून आनंदणारा मनुष्य आम्ही तरी पाहिलेला नाही. दुसरी गोष्ट अशी की एकट्या आकड्याला काही अर्थ नसतो. आज पातळी अमुक आहे यावरून काही कळत नाही. कालची किती आणि परवाची किती, हे कळले म्हणजे पाणी चढते आहे की उतरते आहे ते समजते.

म्हणून आम्ही प्रथम खजिनदारांचा आकडा तपासला. यंत्र त्याच रात्री नव्याने चालू करविले आणि २१ जुलैस सकाळी, तरुणाने शिकविल्याप्रमाणे, ‘फ्री’ ही आज्ञा दिली. एकंदर ९५७, वापरात ६६८, मोकळी ५८, आणि तिसऱ्या एका रकान्यात २३१. म्हणजे ताज्या दमाच्या यंत्रातही मोकळी जागा नाहीच म्हणावयाची! परंतु हा तिसरा रकानाच महत्त्वाचा आहे. लिनक्स ही यंत्रप्रणाली मोठी काटकसरी; मोकळी स्मृती पडून राहू देणे तिला खपत नाही. डिस्कवरून एकदा वाचलेली पाने ती, पुन्हा लागतील म्हणून, चौरंगावर तशीच ठेवते. दुसऱ्या कोणास जागा हवी झाली की तत्क्षणी त्यांतली उचलते. ही अडविलेली जागा नव्हे, उसनी घेतलेली आहे. लोकांचा हा घोटाळा इतका होऊ लागला की २०१४ साली लिनक्सच्या गाभ्यातच एक नवा आकडा घालण्यात आला: ‘अव्हेलेबल’, म्हणजे मागितली असता देता येईल इतकी स्मृती. आमच्या यंत्राचा तो आकडा त्या सकाळी २४६ होता. खजिनदारांनी मोकळीचा रकाना वाचला होता. वाचावयाचा होता तो हा. ते गृहस्थ हिशेबाचे चोख, त्यांना दाखविताच पटले, आणि पुढील सर्व कामात त्यांचा आम्हांस फार उपयोग झाला.

वहीचे ओझे किती, हे काढण्यास तर यंत्रही लागले नाही. देवनागरीचे प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, मात्रा व अनुस्वार लिहून ठेवण्यास यंत्राला तीन बाइट लागतात. एका नोंदीत अशी चिन्हे सरासरीने दीडशे धरली तर साडेचारशे बाइट. दोन हजार शंभर नोंदींचे मिळून नऊ लाख पंचेचाळीस हजार. म्हणजे एक मेगाबाइटसुद्धा नाही. आणि तीही राहणार डिस्कवर. ते दोनशे चाळीस पितर सर्व मिळून एक लाख आठ हजार बाइटांत बसतात. उत्सवात मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र त्यांच्या कित्येक पट जागा खाते. हा हिशेब आम्ही एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मांडून बाईंच्या घरी नेऊन दिला. त्यांना बाइट म्हणजे काय ते कळले नसेल. कागद मात्र त्यांनी देवघरात ठेवला, असे नंतर समजले.

वही निर्दोष ठरली, परंतु बिघाड तर खरा होता. तेव्हा यंत्राची दैनंदिनी उघडली. लिनक्स आपल्या आतील घडामोडी वेळेसह लिहून ठेवते. तिन्ही दिवशी पाच वाजून काही सेकंदांनी एकच ओळ आढळली: स्मृती संपली, अमुक प्रक्रिया मारून टाकली. मारला गेला होता तो मायएसक्यूएल, म्हणजे वही सांभाळणारा भांडारी. येथे यंत्राचा एक कठोर नियम समजून घेतला पाहिजे. स्मृती पार संपली आणि कोणाची तरी मागणी पुरी करणे अशक्य झाले, म्हणजे सबंध यंत्र गोठून जाऊ नये म्हणून गाभा एका प्रक्रियेचा बळी देतो. बळी कोणाचा द्यावयाचा हे तो मुख्यतः आकारावरून ठरवितो. ज्याने सर्वांत अधिक जागा व्यापली आहे तो जातो. अधाशीपणा कोणी केला याची चौकशी तेथे होत नाही. आमचा भांडारी ३९० मेगाबाइट घेऊन बसला होता, हे खरे. परंतु तो पहिल्या दिवशीही तितकेच घेत होता आणि आठव्या दिवशीही. हा त्याच्या धंद्याचा सरंजाम होता. दंड मात्र त्यास झाला.

आणि पाच वाजताच का? कारण पाच वाजता संदेश पाठविणारा कार्यक्रम उठतो, आणि उठताना त्यास साठ मेगाबाइट लागतात. आधीच काठोकाठ आलेल्या यंत्रात ही शेवटची मागणी. गाभा भांडाऱ्यास मारी; भांडारी मिनिटभरात आपोआप पुन्हा उभा राही; परंतु तेवढ्या मिनिटात संदेशवाल्याने वही मागितलेली असे, ती न मिळाल्याने तो निमूट परत गेलेला असे. ज्याच्यासाठी सारा खटाटोप, त्याच्याच पावलाने दिवा विझावा, असा हा प्रकार होता.

आता जागा कोण खात गेले ते शोधावयाचे. स्थळाचे काम तीन कामकरी प्रक्रिया वाटून घेतात. प्रत्येकीच्या नावावर आरंभी ८५ मेगाबाइट होते. तिन्ही आकड्यांची बेरीज करण्यातही एक फसगत असते, कारण त्यांतला काही भाग तिघींचा सामाईक असतो आणि तो प्रत्येकीच्या नावावर पुरा लिहिला जातो. तीन भावांच्या वाटणीपत्रांत एकच विहीर तीनदा यावी तसे. सामाईक भागाची वाटणी करून दाखविणारा आकडाही लिनक्स देते. आम्ही तो घेतला. असो, हा तपशील येथे पुरे.

यानंतर केले ते काम पाटबंधारेवाल्याचेच. दर पंधरा मिनिटांनी तिघींचा आकार लिहून ठेवण्याची एक लहानशी आज्ञा यंत्रात घातली आणि आठवडाभर वाचने जमविली. खजिनदारांनी ती आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने टिपली. दिवाणखान्यातील टेबलावर तो कागद पसरून आम्ही दोघे सत्तरीतले गृहस्थ शाळकरी मुलांसारखे वाकून बसत असू. पहिले दोन दिवस आमचे लक्ष उंच सुळक्यांकडे गेले. कोणी छायाचित्र चढविले की एखाद्या कामकरी प्रक्रियेचा आकार एकदम चाळीस मेगाबाइटांनी उसळे. तरुणास प्रथमपासून संशय होता तो याचाच, आणि सुळक्याचे कारणही सरळ होते. चार हजार गुणिले तीन हजार ठिपक्यांचे चित्र दाबून ठेवले असता तीन-चार मेगाबाइटांत मावते. परंतु लहान करण्यासाठी उघडले की प्रत्येक ठिपक्यास तीन बाइट, म्हणजे तीन कोटी साठ लाख. तंबू घडी घालून पिशवीत बसतो, उभारावयास मात्र अंगण लागते. तथापि काम संपताच ती रेषा खाली येई. ज्या पाण्याची पातळी चढून पुन्हा उतरते त्याने तलाव फुटत नाही, दरवाजे तेवढे शाबूत हवेत.

खरा रोग सुळक्यांच्या पायथ्याशी होता. सुळके झाकून खालची रेषा पाहिली तर ती संथपणे, न थांबता चढत होती. ८५, ९२, ९९, १०६. दिवसास सात मेगाबाइट, तिघी मिळून एकवीस. रात्री दोन ते चार ती जवळजवळ आडवी, पहाटे व सायंकाळी चढ अधिक. नवे यंत्र कामास लागताना आरंभी थोडे फुगते व मग स्थिरावते, तसे हे नव्हते. २९ जुलैच्या नागपंचमीस चढ नेहमीपेक्षा तीव्र दिसला आणि अमावास्येचा दोराही हातास लागला. पर्वतिथीला लोक पहाटेच उठून तिथी पाहतात. मागणी वाढली की चढ वाढतो, आणि आठ-दहा दिवसांचा साठा भरत आला असेल तर कडेलोट नेमका त्याच पहाटे होतो. सभेत ज्यांनी अमावास्येचे नाव घेतले होते, ते निरीक्षणापुरते बरोबर होते.

दिवसास एकवीस मेगाबाइट हा आकडा हाती आल्यावर पहिला उपायही तोलून पाहता आला. यंत्राची स्मृती दुप्पट केली असती तर १०२४ मेगाबाइट अधिक मिळाले असते. एकविसांनी भागले असता अठ्ठेचाळीस दिवस. पूर्वीचे नऊ मिळवून सत्तावन्न. सभेच्या दिवसापासून सत्तावन्न दिवस मोजले तर येते १५ सप्टेंबर, आणि पितृपंधरवडा होता ८ ते २१ सप्टेंबर. दुप्पट भाडे देऊन आम्ही बिघाडास ऐन पक्षातले आमंत्रण दिले असते. हे गणित खजिनदारांनीच केले. ते करून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

पुढचे काम तरुणाचे. पायथन भाषेत, २०१४ पासूनच्या आवृत्त्यांत, ‘ट्रेसमॅलॉक’ नावाची एक सोय आहे. स्मृतीचा कोणता तुकडा कार्यक्रमाच्या कोणत्या ओळीने घेतला याची ती नोंद ठेवते. एका रात्री त्याने एक कामकरी प्रक्रिया तिच्या देखरेखीखाली ठेवली, एक गणती घेतली, निरनिराळ्या ठिकाणांच्या दोनशे विचारणा केल्या, पुन्हा गणती घेतली आणि दोहोंची वजाबाकी केली. चौदा मेगाबाइट एकाच ओळीने घेतले होते. ती ओळ पंचांगाच्या गणिताची. विचारणा मागे सत्तर किलोबाइट.

फोनवर तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, “काका, ही ओळ मी सहा वर्षांपूर्वी लिहिलीय. तेव्हा ती बरोबर होती.” आणि त्याचे म्हणणे खरे होते. एका ठिकाणाचे वर्षभराचे सूर्योदय, सूर्यास्त व तिथ्या काढण्यास वेळ लागतो, म्हणून एकदा काढलेले उत्तर जवळ ठेवून पुढच्या विचारणाऱ्यास तेच द्यावे, अशी त्याने व्यवस्था केली होती. पायथनची ही आयती सोय न सांगितल्यास एकशे अठ्ठावीस उत्तरे ठेवते. त्याने मर्यादा काढून टाकली होती. त्या काळी स्थळावर चाळीस गावांची यादी होती आणि त्यांतूनच निवड करावी लागे. चाळीस गावांची उत्तरे ठेवण्यास तीन मेगाबाइटही लागत नाहीत. पुढे लोकांच्या सोयीसाठी यादी गेली आणि भ्रमणध्वनी स्वतःच आपले ठिकाण सांगू लागला, तेही अक्षांश-रेखांशाच्या सहा दशांश स्थळांपर्यंत. सहावे दशांश स्थळ म्हणजे जमिनीवर सुमारे अकरा सेंटिमीटर. वाचकहो, याचा अर्थ पाहा. गृहस्थाने ओटीवर बसून तिथी पाहिली व मग देवघरात येऊन पुन्हा पाहिली, तर यंत्राच्या लेखी ती दोन गावे! प्रत्येक विचारणा नवी, प्रत्येक उत्तर नवे, आणि ते प्रत्येक जपून ठेवलेले. ठेवलेल्यांपैकी एकही पुन्हा कोणाच्या उपयोगी पडणारे नव्हते. दिवसास अशी सुमारे तीनशे उत्तरे साठत होती. आमच्या मंडळात पितरांना विचारणारे कोणी उरले नाही म्हणून त्यांना काढावयास निघालो होतो. आणि ज्यांना जन्मात कोणी दुसऱ्यांदा विचारणार नाही अशी हजारो उत्तरे यंत्र उराशी धरून बसले होते.

कोणी येथे सुचविले की दर रात्री कामकरी प्रक्रिया बदलून टाकाव्यात, म्हणजे साठलेले आपोआप जाईल. हा उपाय चालू व्यवहारात आहे व वाईट नाही. आम्ही तो पुढे, कवच म्हणून, घातलाही. परंतु प्रथमच तो केला असता तर रोग दिसेनासा झाला असता आणि कारण कोणास कळले नसते. आमचे मत असे की ताप मोजून झाल्यावाचून काढा देऊ नये.

दुरुस्ती दोन ओळींची होती. ठिकाण एकाच दशांश स्थळापर्यंत धरावे. आणि अधिकांत अधिक दोनशे उत्तरे ठेवावी, त्यापुढे ज्यास सर्वांत जास्त काळ कोणी विचारले नाही ते सोडून द्यावे. परंतु येथे शास्त्राचा प्रश्न आला. ठिकाण असे ढोबळ केले तर सूर्योदय चुकणार नाही काय? एका दशांशात अधिकांत अधिक चूक अर्ध्या दशांशाची. रेखांशाच्या तेवढ्या अंतरास बारा सेकंद, अक्षांशाने त्यात आणखी काही सेकंदांची भर. आम्ही हा आकडा घेऊन देवळातील शास्त्रीबुवांकडे गेलो, कारण येथे अधिकार त्यांचा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, सूर्यबिंबाची वरची कड दिसल्यापासून पूर्ण बिंब वर येण्यास किती वेळ लागतो? दोन मिनिटांहून अधिक, आम्ही म्हटले. छापील पंचांगात सूर्योदय कशात देतात? मिनिटांत. मग ते हसले आणि पुन्हा पोथीत पाहू लागले. आम्ही तो होकार समजलो; तरी खातरी म्हणून भोपाळ, फोंडा, कारवार व अबूधाबी या चार ठिकाणांची वर्षभराची जुनी व नवी उत्तरे तरुणाकडून ताडून घेतली. एकही श्राद्धतिथी बदलली नाही.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. तिथी सांगण्यासाठी एखाद्याचे ठिकाण अकरा सेंटिमीटरपर्यंत जाणून घेण्याचे यंत्रास काही कारण नव्हते. बायामाणसे कोणत्या खोलीत बसली आहेत हे मंडळाच्या सर्व्हरवर साठत होते, ही गोष्ट आम्हांस स्मृतीच्या प्रश्नाहूनही अनुचित वाटली. ते आता बंद झाले.

६ ऑगस्टपासून नवी व्यवस्था सुरू झाली. खजिनदारांनी आलेख सोडला नाही. रेषा ८५ वरून निघाली, चार-पाच दिवसांत ९९ वर आली आणि तेथून आडवी झाली. गणेश चतुर्थीच्या २७ ऑगस्टला छायाचित्रांचे सुळके उंच उठले व खाली आले. डिस्कवर एक गिगाबाइटची राखीव जागाही स्मृतीच्या जोडीस करून ठेवली आहे. ती संथ असते, परंतु अडीअडचणीस भांडाऱ्याचा जीव वाचवील. भाडे पूर्वीइतकेच आहे. नोंदी काढण्याचा ठराव मंडळाने मागे घेतला, आणि ज्यांचे संदेश परत येतात त्यांचे काय करावे यावर सभा पुन्हा बसली. ठरले असे की त्या तिथीचा संदेश देवळात जावा आणि तेथे नाव उच्चारले जावे. १९८४ ची ती नावेही त्यांत आली.

२१ सप्टेंबरला, सर्वपित्री अमावास्येच्या पहाटे, आम्ही पाचच्या आधी उठून यंत्राचे आकडे पाहत बसलो होतो. पाच वाजून नऊ सेकंदांनी संदेश गेले. सकाळी देवळात यादी छापून लावली, तेव्हा कारवारच्या बाई ती वाचावयास आल्या. त्यांच्या माहेरची पाचही नावे होती. एका नावापुढे मूळ गाव ‘बांदिवडे’ असे मराठी वळणाने लिहिलेले होते. त्यांना ते ‘बांदोडें’ असे हवे होते, घरात सारे तसेच म्हणत. त्याच दिवशी तरुणाने ते बदलून दिले. आम्ही सवयीने मोजून पाहिले. दोन्ही नावांस चोवीसच बाइट लागतात.